खंदेरीवरील गंज

आमचे बिद्री हे गाव कागल तालुक्यात आहे. परगावच्या लोकांस ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ठाऊक असते. कारखाना, उसाच्या गाड्या आणि मुदाळ तिट्ट्याकडे जाणारी सडक एवढे सांगितले म्हणजे गावाचे वर्णन पुष्कळसे झाले. समुद्राशी या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास काहीच नाही असेच उत्तर प्रथम सुचेल. कोकणचा किनारा सह्याद्रीच्या पलीकडे. आमच्या आळीतील कित्येक वृद्धांनी तो जन्मात पाहिलेला नाही. दूधगंगेचे पाणी तरी त्या जवळच्या समुद्रास मिळावे, तर तेही नाही. सह्याद्रीत उगम पावून ती पश्चिमेकडे पाठ फिरवते, कृष्णेस मिळते, आणि कृष्णेबरोबर सारा दक्षिण देश ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. अशा गावी गेल्या दिवाळीपासून नाताळपर्यंत खपून मी एक पाणबुडी बांधली. ती लाकडाची, आणि पुरती एक मीटरही लांब नाही. तथापि तिच्यापायी आमच्या घरात जे घडले ते लिहून ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख वार्षिकाच्या संपादकांकडे देत आहे.

पाणबुडीच का, तर आजोबांमुळे. माझे आजोबा १९६८ साली नौदलात भरती झाले आणि १९७३ पासून पुढे काही वर्षे 'खंदेरी' या पाणबुडीच्या इंजिनघरात होते. आपल्या देशाने सोव्हिएत संघाकडून प्रथम ज्या चार पाणबुड्या घेतल्या त्यांतील ही दुसरी. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली, 'खंदेरी' ६ डिसेंबर १९६८ रोजी, आणि 'करंज' व 'कुरसुरा' त्यापुढील वर्षी. अलिबागजवळ थळच्या समोर जे बेट आहे, ज्यावर १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून शिवाजी महाराजांनी किल्ला बांधविला, त्या बेटाचे नाव या बोटीस दिलेले होते. ती बोट १९८९ साली सेवेतून निवृत्त झाली. तेच नाव धारण करणारी नवी पाणबुडी मुंबईस माझगाव गोदीत बांधली गेली व २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात आली. वर्तमानपत्रातील 'खंदेरी' ती ही. आमची जुनी.

'आमची' हा शब्द मी आज लिहितो. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या तोंडी आला नसता. कारण आजोबा त्या बोटीविषयी काही बोलतच नसत. सोप्यातील भिंतीवर एक छायाचित्र होते, त्यात पांढऱ्या गणवेशातील काही तरुण ओळीने उभे होते, आणि त्यांतील डावीकडून तिसरे आजोबा, एवढेच आम्हांस ठाऊक. पेन्शन घेऊन गावी आल्यापासून ते शेतकरी होते. पाऊस, ऊस आणि म्हैस यांविषयी ते मनमोकळे बोलत. समुद्राचा विषय निघाला की उठून गोठ्यात जात.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात वडिलांनी आम्हा दोघांस विशाखापट्टणास नेले. तेथे समुद्रकाठच्या वाळूवर 'कुरसुरा' ही पाणबुडी ओढून आणून ठेवलेली आहे. एकतीस वर्षे सेवा करून ती २००१ साली निवृत्त झाली, आणि २००२ सालापासून लोकांस ती आतून पाहता येते. ही 'खंदेरी'चीच बहीण, बांधणी एकच. आत शिरल्यावर एका दालनातून दुसऱ्यात जाण्यास जी वाटोळी दारे आहेत त्यांतून जाताना पहिल्याच दारास माझे कपाळ आदळले, दुसऱ्यास वडिलांचे. पंचाहत्तरीच्या घरातले आजोबा मात्र एक पाय, मग डोके, मग दुसरा पाय, अशा क्रमाने कोठेही न थांबता पार निघून गेले. इंजिनघरात पोचल्यावर एका नळीच्या चाकावर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पाहुण्यांस माहिती देणारे गृहस्थ स्वतः निवृत्त नौसैनिक होते. त्यांनी आजोबांकडे एकदा पाहिले आणि पुढे चला असे म्हटले नाही. परतीच्या प्रवासात मी प्रतिकृती करण्याचे मनाशी ठरविले.

आता बांधणीविषयी. प्रमाण मी एकास शंभर धरले. खऱ्या बोटीचा एक मीटर तो माझा एक सेंटीमीटर. खरी बोट ९१.३ मीटर लांब, म्हणून माझी ९१.३ सेंटीमीटर. येथवर सोपे होते. परंतु नुसती शोभेची वस्तू करावयाची नव्हती. पाण्यावर सोडली असता खऱ्या बोटीइतकीच ती पाण्यात बसावी अशी माझी हौस होती. तिचे वजन किती असावे? प्रथम मला वाटले, शंभरावा हिस्सा. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर एक घन काढून दाखविला तेव्हा चूक उमगली. लांबी शंभरपट कमी केली की रुंदीही तितकीच कमी होते आणि उंचीही. तेव्हा वजन शंभराने नव्हे, शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा लाखांनी भागले पाहिजे. आणि एका टनात ग्रॅम असतात नेमके दहा लाख! म्हणजे खऱ्या बोटीच्या टनांच्या जागी ग्रॅम लिहिले की गणित संपले. ती बोट पाण्यावर असताना सुमारे १,९५० टन भरते, आणि पूर्ण बुडालेली असताना २,४७५ टन. माझी १,९५० ग्रॅमची झाली पाहिजे, आणि तिला पाण्याखाली न्यावयाची तर आणखी ५२५ ग्रॅमांचा भार तिच्यात घातला पाहिजे. खरी पाणबुडी हा भार समुद्रातूनच घेते. तिला दोन कवचे असतात. आतले जाड पोलादाचे, ज्यात माणसे राहतात, आणि बाहेरचे पातळ. दोहोंमध्ये टाक्या असतात. त्यांची झाकणे उघडली की हवा वर निघून जाते, खालून पाणी शिरते, आणि बोट बुडते. वर यावयाचे तर दाबून साठविलेली हवा टाक्यांत सोडून ते पाणी हाकलून द्यावयाचे. समुद्रास समुद्रानेच तोलण्याची ही युक्ती मला अजूनही नवल वाटावी अशीच वाटते.

लाकूड पांगाऱ्याचे घेतले. ते हलके व मऊ, पटाशीस लवकर वश होणारे. गावातील सुतारांनी ओंडका चौरस तासून दिला व रंधा कसा धरावा तेही शिकविले. पुढचे तासणे, कानस मारणे व घासणे माझे. दोन्ही टोकांचा निमुळतेपणा साधताना मी दोन ओंडके वाया घालविले. एकाची पुढे आईने चुलीत रवानगी केली. पोटाखालून खाच पाडून तीत शिसे बसविले व तराजूत घालघालून वजन जुळविले. दुर्बिणी छत्रीच्या काड्यांच्या केल्या, मागील तीन पंखे पितळी पत्र्याचे, आणि कठड्याच्या तारा जळालेल्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या. सर्वांत वेळ गेला तो भोकांना. या जातीच्या बोटींच्या दोन्ही कुशींवर भोकांच्या लांबच लांब रांगा असतात, कारण बाहेरच्या कवचाच्या वरच्या भागात पाणी मोकळेपणी यावे-जावे लागते. ती भोके मी तापविलेल्या दाभणाने एकेक करून पाडली. किती ते मोजले नाही. शंभरानंतर मोजणे सोडले.

नाताळच्या सुटीत रंगकाम निघाले. लांबी भरली, अस्तर दिले, वरचा भाग काळा व पाण्याखालचा तांबूस केला. पहिल्या दिवशी ओला रंग वाळविण्यासाठी बोट अंगणात ठेवली आणि शेजारच्या गुऱ्हाळाचे चुलवाण पेटले! चिपाडांच्या काजळीचे ठिपके असे काही चिकटले की सारे खरवडून पुन्हा रंगवावे लागले. असो.

रंग पुरा झाला तेव्हा बोट अगदी दुकानातून आणल्यासारखी दिसू लागली, आणि हेच मला खटकले. प्रतिकृती करणारे लोक रंगानंतर आणखी एक काम करतात. वस्तू वापरलेली दिसावी म्हणून तिजवर ऊन, पाणी व काळ यांच्या खुणा ते मुद्दाम उमटवितात. त्याच्या कृती मी वाचल्या होत्या. खालच्या रंगावर ओलसर मिठाचे दाणे चिकटवून वरून दुसरा रंग द्यावयाचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकावयाचे, की रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसतात. पातळ रंग खाचांत ओघळू द्यावयाचा. कोरड्या कुंचल्याने कडा उजळावयाच्या. माझ्याजवळ याहून सरस एक साधन होते. वडील साखर कारखान्यात फिटर आहेत. गंज हा त्यांचा जन्माचा वैरी, आणि वैऱ्याची माहिती जितकी असते तितकी मित्राचीही नसते. त्यांनी मला भंगाराच्या ढिगाशी नेऊन दाखविले की गंज आधी सांध्याशी धरतो, मग कडेशी, मग जेथे पाणी थांबते तेथे. तो वरून खाली ओघळतो व ओघळताना फिकट होत जातो. तेथलाच गंज खरवडून मी त्याची पूड केली, वस्त्रगाळ करून तीत गेरू मिसळला, आणि दोन दिवस बसून 'खंदेरी'वर चढविला. प्रत्येक भोकाखाली एक ओघळ. प्रत्येक सांध्यावर एक पट्टा. मीठ दिसावे म्हणून वरून खडूची पूड. काम पाहून वडिलांनी, "हुबेहूब!" म्हटले. आळीतील मुले बोटीस हात लावून बोटे पाहू लागली. माझ्या हातून इतके चांगले काम पूर्वी झाले नव्हते, आणि हे मी आजही म्हणेन.

संध्याकाळी बोट आजोबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावला, ती उचलली, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळविली. मग मला विचारले,

"ह्यो गंज कुणी येऊ दिला?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, "आजोबा, जुनी बोट आहे ना. समुद्रात राहून गंजायचीच."

"ह्या बोटीवर माणसं व्हती का न्हाई?" एवढे बोलून त्यांनी ती खाली ठेवली व ते गोठ्याकडे गेले.

रात्री ते जेवावयास पानावर आले, परंतु बोलले नाहीत. दुसरा दिवसही तसाच गेला. मला प्रथम राग आला, कारण श्रम माझे होते. मग वाईट वाटले. आणि मग जे वाटले त्यास काय नाव द्यावे ते समजेना. भिंतीवरच्या छायाचित्रातील ती ओळ मी शंभरदा पाहिलेली होती. त्या तरुणांविषयी मी हे काय लिहून ठेवले, असे त्या रात्री प्रथमच मनात आले. माझ्या बोटीचा अर्थ सरळ वाचला तर एवढाच निघत होता, की हे लोक झोपले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी आपण होऊन हाक मारली. "आण ती बोट. आन् एक फडकं आण."

त्या सकाळी ते जितके बोलले तितके मी त्यांस पूर्वी कधी बोलताना ऐकले नव्हते. बोट बंदरास लागली की डिझेलच्या वासाने भरलेले अंग धुण्याआधी कामाची पाळी लागे. हातोडीने ठोकून सुटा झालेला रंग पाडावयाचा, तारेच्या ब्रशाने पोलाद उघडे करावयाचे, त्यावर शेंदराचे अस्तर, त्यावर काळा रंग. शेंदूर तोच, जो आपण मारुतीस लावतो. तो शिशाचा एक भस्म आहे, आणि पोलादास गंजापासून राखण्याचा त्याचा गुण जहाजे रंगविणाऱ्यांस फार पूर्वीपासून माहीत आहे. पाण्याखालच्या भागास जस्ताचे तुकडे जडविलेले असत. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस जोडलेल्या असल्या तर त्यांतील एक आधी झिजते. पोलादाजवळ जस्त असले की ती पाळी जस्तावर येते. गोदीत बोट चढली की झिजलेले तुकडे काढून नवे बसवीत. मी विचारले, "मग बोटीवर खुणा राहतच नव्हत्या?" तेव्हा ते हसले.

खुणा राहत, पण निराळ्या. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बुटांनी रंग घासला जाई आणि खालचा शेंदरी थर दिसू लागे. दोर बांधण्याच्या खुंट्या दोराने घासून चकचकीत होत. झाकणाच्या कडेवर, जेथे वर येणारा प्रत्येक माणूस उजवा हात टेकतो, तेथे हाताच्या आकाराची जागा उजळलेली असे. भोकांखाली ओघळ असत, पण ते पांढरे, मिठाचे. मागील बाजूस धूर निघण्याच्या वाटेशी काजळी. पाण्याच्या रेषेवर हिरवी शेवाळ. मी मधेच म्हणालो की घासलेल्या जागी दिसणारा शेंदरी रंग आणि माझ्या गंजाचा रंग जवळजवळ एकच आहे. त्यांनी फडके माझ्या हाती दिले व म्हणाले, "रंग येकच. गंजाला वगळ असत्यात. घासलेल्याला काठ असतो."

मग बोलण्याच्या ओघात त्यांनी दोरीची गोष्ट सांगितली. पाण्याखाली दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. नवा माणूस बोटीवर आला की जुने लोक आतल्या दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी ताठ बांधीत आणि त्याला तिच्याकडे पाहावयास सांगत. बोट खोल जाऊ लागली की दोरी हळूहळू सैल पडे. पोलादाच्या भिंतीच आत येत असत. वर आले की दोरी पुन्हा ताठ. आजोबांच्या वेळी ती दोरी त्यांच्यासाठीही बांधली होती. "तवापास्नं," ते म्हणाले, "रंगाचा टवका दिसला की झोप न्हाई."

गंज पुसण्यास एक संपूर्ण दिवस लागला. दोन दिवसांचे माझे उत्तम काम मीच फडक्याने काढून टाकले, आणि खोटे कशास बोलू, भोकांखालचे ओघळ पुसताना हात जड झाला होता. मग आजोबा बोटाने जागा दाखवीत आणि मी तेथे रंग लावी. एके ठिकाणी, झाकणाच्या उजव्या कडेस, त्यांनी मला लावू दिला नाही. कुंचला स्वतः घेतला. हात कापत होता म्हणून तो डाग थोडा मोठा झाला आहे.

जानेवारीत आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बोट मांडली. एका परीक्षकांनी विचारले की जुन्या बोटीची प्रतिकृती इतकी स्वच्छ कशी. मी शेंदूर, जस्त आणि टनाचा ग्रॅम हे सारे घाईघाईने सांगितले. किती कळले ते त्यांस ठाऊक. बक्षीस नववीतील एका विद्यार्थिनीच्या वाळू-कोळशाच्या पाणीगाळणीस मिळाले. ती गाळणी खरोखरच उत्तम होती.

त्यानंतरच्या रविवारी आजोबांस घेऊन आम्ही नदीवर गेलो व बोट पाण्यात सोडली. सुटल्याबरोबर ती एका कुशीवर कलंडली, कारण शिसे मध्यावर बसले नव्हते; ते मागाहून दुरुस्त केले. दुसऱ्या खेपेस ती सरळ उभी राहिली. खालून शिशाचे तुकडे दोऱ्याने लावीत गेलो, तो पाचशे ग्रॅम पुरे होण्यापूर्वीच ती पाण्याखाली गेली. वर ओढली तेव्हा खडूचे सगळे मीठ वाहून गेलेले होते. मी पुन्हा लावतो म्हणालो. आजोबा म्हणाले, "नको. हौदात ठेव. पाणी आपलं काम करंल."

तेव्हापासून 'खंदेरी' आमच्या गोठ्यापुढील हौदात आहे. म्हैस प्रथम बिचकली. आता ती बोटीस नाकाने बाजूस सारून पाणी पिते, आणि बोट भिंतीस लागून परत येते. आठवड्यातून एकदा आजोबा तिला बाहेर काढून पुसतात व कोठे रंग सुटला आहे काय ते पाहतात. फेब्रुवारीच्या मध्यास तिच्या दोन्ही कुशींवर बारीक हिरवी रेघ दिसू लागली. ही मी काढलेली नव्हे. माझी पाण्याची रेषा तांबूस आणि काळ्या रंगाच्या मधोमध आहे, आणि ही हिरवी तिच्या दीड मिलिमीटर वर. म्हणजे बोट हिशोबापेक्षा थोडी खोल बसते. मी कागद काढून सारे वजन पुन्हा तपासले, ते बरोबर निघाले. शेवटी आजोबांस विचारले. समुद्राचे पाणी आपल्या पाण्याहून शेकडा अडीच भाग जड असते, हे मी पुस्तकात वाचलेलेच होते. मला आठवले नव्हते इतकेच. त्यांनी हौदात हात घालून बोट थोडी वळविली, ती रेघ पाहिली आणि म्हणाले,

"बरुबर बसल्या. पाणी गोडं हाय."